फाटक लावणाऱ्याची शिफारस

फाइल उघडली तर शिफारशीच्या आधी ताकीदपत्रच हाताला लागलं. त्यावर दोन सह्या होत्या. एक बिन्यामिनभाऊंची आणि दुसरी साक्षीदार म्हणून माझी.

समोर उरी बसला होता. उरी म्हणजे दक्षिण विभागाचा मॅनेजर, माझा साहेब. इस्रायलमध्ये साहेबालाही नुसत्या नावानं हाक मारतात. ठाण्याहून आल्यावर मला त्याची सवय व्हायला दोन वर्षं लागली होती.

"याचं नाव पाठवता येणार नाही," मी म्हटलं. "फाइलमध्ये ताकीद आहे."

"अकरा मुलं आणि त्यांची शिक्षिका पुरातून बाहेर काढली या माणसानं! कसली ताकीद?"

"परवानगी न घेता फाटक बंद केल्याची."

उरी हसला. मला काही हसू आलं नाही.

नॅशनल पार्क सांभाळणाऱ्या खात्यात मी पर्सोनेलला होते. रजा, बढत्या, पेन्शन आणि फायली हे माझं काम. दरवर्षी आम्ही 'ओवेद मित्स्तायेन' म्हणजे गुणवंत कर्मचारी निवडायचो. प्रत्येक विभागानं एक नाव पाठवायचं. अट एकच, पाच वर्षं फाइल स्वच्छ हवी. बिन्यामिनभाऊंची ती नोकरीतली शेवटची संधी होती, कारण उन्हाळ्यात ते रिटायर होणार होते.

ते ओफाकिमला राहायचे, मूळचे आमच्यासारखेच बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, अलिबागकडचे. नेगेवच्या वाळवंटातल्या एका पार्कात ते फाटकावर होते. त्या पार्कात एक अरुंद घळ आहे. तिच्यातून जाते ती नाहाल, म्हणजे वर्षभर कोरडी असणारी नदी. लोक तिच्या पात्रातून चालत जातात. धोका एवढाच, की पाऊस लांब डोंगरात पडतो आणि पाणी इथे येतं. इथे डोक्यावर लख्ख ऊन असतं आणि मागून कंबरभर लोंढा येतो. भाऊ डोंगराकडचं आभाळ बघायचे, वारा बघायचे, आणि ठरवायचे. वीस वर्षांत त्यांनी किती वेळा फाटक लावलं याची कुठेच नोंद नाही. काही घडलंच नाही, तर नोंद कशाची करणार?

तीन वर्षांपूर्वी पेसाख सणाच्या सुट्टीत त्यांनी असंच फाटक लावलं. पार्कचा मॅनेजर बाहेर गेला होता. दोन बस भरून पर्यटक आले होते, ते परत गेले. त्या दिवशी पाणी आलं ते घोट्याएवढं. टूर कंपनीनं तक्रार केली, आणि ताकीदपत्र टाइप होऊन सहीसाठी माझ्याकडे आलं.

भाऊंना हिब्रू बोलता यायचं, वाचता फारसं यायचं नाही. त्यांनी विचारलं होतं, "रिबकाबाय, यात काय लिवलंय?"

मी म्हटलं होतं, "काही नाही हो. पुढच्या वेळी आधी फोन करायचा, एवढंच. फॉर्मॅलिटी आहे. सही करा."

कागदावर लिहिलं होतं, 'मी निष्काळजीपणे वागलो हे मला मान्य आहे. पुन्हा असं झाल्यास नोकरी जाऊ शकते.' ते मी वाचून दाखवलं नाही. आम्हा लोकांची ही जुनी खोड आहे. परक्या मुलखात आलो, हुज्जत घालायची नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय पार्कच्या मॅनेजरला वाटायला नको, की ही आपल्या माणसाची बाजू घेते. मी भाऊंना वाचवते आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

"मी वरती बोलतो," उरी म्हणाला. "एवढ्या कामगिरीपुढे जुन्या ताकिदीकडे कोणी बघणार नाही. तू त्याची जबानी घेऊन ये."

मी बसनं ओफाकिमला गेले. भाऊंचा पाय प्लास्टरमध्ये होता. मुलांना बाहेर काढताना दगडावर आपटून दोन ठिकाणी मोडला होता. जीव वाचला म्हणून घरी मलिदा झाला होता. एलियाहू हनावी या संदेष्ट्याचं नाव घेऊन केलेले नारळ-गुळाचे पोहे त्यांच्या बायकोनं, एस्तेरबाईंनी, बशीत घालून मला दिले.

मी मोठ्या आनंदानं शिफारशीची बातमी सांगितली. मग मी वही काढली आणि विचारलं, "पूर येतोय हे तुम्हाला कधी कळलं?"

"धा वाजता."

मी लिहिता लिहिता थांबले. मुलं साडेदहाला आत गेली होती, हे रिपोर्टात होतं.

"मग फाटक का नाही लावलं?"

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

"तूच नाय का सांगितलंस, आधी फोन करायचा? मी फोन लावला. मॅनेजरचा लागला नाय. परत लावला. त्या बाईला मी बोललो, थांबा जरा. ती म्हणाली, बंद आहे का? मी काय बोलणार? बंद करायची परवानगी नव्हती माझ्याकडं. मग आवाज आला पाण्याचा. तवा धावलो."

बशीतले पोहे तसेच राहिले.

"सन्मान कशाला देता?" भाऊ म्हणाले. "येळेवर फाटक लावलं असतं तर कुणाला धावायला लागलं नसतं. एक पोरगी माझ्या हातातून सुटत होती, बाय. केसाला धरून वढली. रोज दिसते."

एस्तेरबाई एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलल्या. "आमच्या मुलीनं तो कागद नंतर वाचून दाखवला यांना. निष्काळजी म्हून लिवलंय. तीन वर्षं झाली, नीट जेवले नाहीत. तुम्हाला काय द्यायचंच असंल तर तो कागद काढा."

मी तेव्हाच सगळं कबूल केलं. वाचून दाखवलं नाही, मुद्दाम दाखवलं नाही, असं सरळ सांगितलं. माफी मागितली. भाऊ "असूं दे" म्हणाले. पण ते 'असूं दे' मला पुरलं नाही, आणि पुरायलाही नको होतं.

दुसऱ्या दिवशी उरीला सांगितलं. तो वैतागला.

"सन्मान मिळतोय ना? घेऊ दे. ताकीद रद्द करायची तर चौकशी बसेल. मॅनेजरचा फोन का लागला नाही, ते निघेल. फॉर्म जायची तारीख उलटून जाईल. आणि तुझं नाव येईल."

"येऊ दे."

"रिव्का, हे खात्याला फार महागात पडेल." रिबकाचं तो हिब्रू पद्धतीनं रिव्का करायचा.

"आणि ती बारा माणसं वाहून गेली असती तर?"

तो उठून खिडकीशी गेला. तिथूनच म्हणाला, "लिहून दे."

मी लिहून दिलं. कर्मचाऱ्याला कागद वाचून न दाखवता सही घेतली, आणि त्या सहीमुळे फाटक अर्धा तास उघडं राहिलं. स्वतःविरुद्ध हिब्रूत लिहिताना व्याकरण फार काळजीपूर्वक तपासलं, हेही आठवतं.

चौकशी चार महिने चालली. भाऊंची ताकीद रद्द झाली. मला एक मिळाली. ती योग्य होती. फाटकावरच्या माणसानं स्वतःच्या निर्णयानं घळ बंद करावी, फोन नंतर करावा, असा नियम झाला. सन्मान मात्र उत्तरेकडच्या एका पार्कातल्या माणसाला गेला. त्यानं वणव्यात जुनी झाडं वाचवली होती. समारंभात मी टाळ्या वाजवल्या, पण मन तिथं नव्हतं.

भाऊंना रद्द केल्याचं पत्र मी स्वतः नेऊन दिलं. एकेक ओळ हिब्रूत वाचली, एकेक ओळ मराठीत सांगितली. 'त्या दिवशी फाटक बंद करण्याचा आपला निर्णय योग्य होता' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग चष्मा काढला आणि एस्तेरबाईंना म्हणाले, "जेवायला वाढ."

त्यानंतर मी आणखी सात वर्षं सन्मानाच्या शिफारशी हाताळल्या. कुणी जिवावर उदार होऊन काही केलं, असा अर्ज आला की मी आधी एकच विचारायची, त्या माणसावर ही वेळ आणली कुणी? बहुतेक वेळा उत्तर आमच्याच ऑफिसातल्या कुठल्या तरी कपाटात सापडायचं.