डोंगराला कुंपण पडलं तेव्हा

बंगळुरात यशवंतपूरला आमचं पूजासाहित्याचं आणि पत्रावळींचं दुकान आहे. पळसाच्या पत्रावळी मागडीच्या पुढच्या एका खेड्यातून यायच्या. घेऊन येणारी बाई माझ्या आईच्या वयाची. मी तिला अक्का म्हणायचे. गावाशेजारच्या उजाड डोंगरावर उरलेल्या पळसांची ती पानं तोडायची, दोन्ही सुनांना घेऊन अंगणात टाचत बसायची आणि आठवड्याला बसने गठ्ठे आणायची.

मग त्या डोंगरावर पुन्हा जंगल उभं करायचं ठरलं. खड्डे खणायला सगळ्या गावाला मजुरी मिळाली, अक्कालाही. तेवढे महिने ती खुशीत होती. रोपं लागली, कुंपण पडलं आणि पानं तोडायला बंदी आली. राखणीचं काम गावात एकालाच मिळालं, अक्काच्या पुतण्याला.

हळूहळू तिचं येणं थांबलं. फोनही लागेना, म्हणून एका रविवारी मीच गेले. डोंगर खरंच हिरवागार झाला होता. बघून मला बरं वाटलं.

अक्का ओसरीवर एकटीच होती. चरायला जागा उरली नाही म्हणून शेळ्या विकल्या होत्या. मुलं-सुना बंगळुरात, महादेवपुऱ्यात, ऑफिसांच्या साफसफाईला लागली होती. एकदा ती कुंपणाखालून आत शिरली, तर पुतण्याने पकडून पानांचं ओझं आणि कोयता काढून घेतला. त्याचा इलाज नव्हता, नोकरी गेली असती, असं तीच म्हणाली. पण तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नाही. त्याच्या मुलीच्या बारशाचंही तिला आमंत्रण नव्हतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "झाडं वाढली की विहिरीला पाणी येईल, अक्का."

"आलंय की," ती म्हणाली. "आधी दोन घागरींसाठी भांडणं व्हायची. आता भांडायलाही कोणी नाही."

दुकानात कामाला ये, म्हटलं. "सरी," बरं, असं कानडीत म्हणाली, पण आली नाही. पुढे नातवाला सांभाळायला मुलाच्या खोलीवर राहायला गेली.

मागच्या श्रावणात एकदा दुकानात डोकावली. आता आम्ही मशीनवरच्या कागदी पत्रावळी विकतो. तिने त्यातली एक उचलली, काठावरून बोट फिरवलं आणि ही करायला किती बायका लागतात, असं विचारलं. मी चहा मागवला. तो पिऊन ती बस पकडायला निघाली.