वाळूखालचं जंगल

किनाऱ्यावर पोहोचलं की आम्ही सगळे समुद्राकडे बघत असू. कुसुमताई पायाखाली बघत. समोर सूर्य मावळतोय, कडे तांबूस झालेत, सगळ्यांचे कॅमेरे तिकडे वळलेत, आणि या बाई वाकून ओली वाळू न्याहाळतायत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच, गुडघ्यांवर बसलेलं. मला वाटलं, बाईंचं कानातलं पडलंय. मी शोधायला खाली बसलेसुद्धा. त्या म्हणाल्या, "काही पडलं नाहीये हो. पण बसलाच आहात तर इथून बघा, समुद्र केवढा मोठा दिसतो."

आणि खरंच दिसला. इतकी वर्षं वेल्समध्ये राहून मी तो असा कधी पाहिलाच नव्हता.

मुलांनो, तुम्ही तिकडे मेलबर्नला, त्यामुळे कुसुमताईंची आणि तुमची भेट झाली नाही, आणि आता होणारही नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

त्या कार्डिफच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या. यजमान जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर. डॉक्टर गेले त्याच वर्षी त्यांनी कॅमेरा घेतला आणि दर महिन्याच्या एका शनिवारी आम्हां पाच-सहा मराठी मंडळींना वेल्सच्या पश्चिमेला पेम्ब्रोकशरच्या किनाऱ्यावर चालायला न्यायला सुरुवात केली. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. डिजिटल कॅमेरे नवे होते, त्या मात्र फिल्मच वापरत. भरती-ओहोटीचं वेळापत्रक, फ्लास्क आणि थालीपिठांचा डबा ही खाती माझ्याकडे होती.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा ऑपरेशन थिएटरमधली. शटर दाबणाऱ्याच्या मागे उभ्या राहून हळूच म्हणत, "आता श्वास सोडा. हं, आता दाबा." ब्रॅकनेलहून येणारा निखिल एकाच कड्याचे पन्नास फोटो काढायचा. त्याला म्हणाल्या, "अरे, वरण आहे का ते? किती ढवळतोस. जरा शिजू दे उजेड." त्यानंतर निखिल कॅमेरा काढला की आधी त्यांच्याकडे बघायचा.

एकदा दोघीच मागे राहिलो होतो, तेव्हा मी विचारलं, वाळूत एवढं काय बघता? त्यांनी सांगितलं ते असं. डॉक्टर या देशात नवे असताना एका हिवाळ्यात पेम्ब्रोकशरला दुसऱ्या डॉक्टरच्या जागी काम करत होते. वादळानंतर ते एका किनाऱ्यावर गेले, तर ओहोटीच्या वाळूत झाडांचे बुंधे उभे. एकदोन नव्हे, अख्खं जंगल. मराठी मंडळींच्या दिवाळीच्या जेवणात, भरल्या हॉलमध्ये, त्यांनी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. कुसुमताई पटकन बोलून गेल्या, "यांना आज समुद्रात झाडं दिसली, उद्या डोंगरावर मासे दिसतील." हॉल हसला. डॉक्टरही हसले. पुढे कितीतरी वर्षं लोक त्यांना गमतीने विचारत, काय डॉक्टर, मासे दिसले का?

"नंतर ते बाहेरून आले की काय पाहिलं ते सांगेनासे झाले," कुसुमताई म्हणाल्या. "माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. ते गेल्यावर मी एका गावच्या छोट्याशा म्युझियममध्ये गेले, तर काचेत काळ्या लाकडाचा तुकडा ठेवलेला. खाली लिहिलं होतं, बुडालेल्या जंगलातला."

मी म्हटलं, मग झालं की, खरं ठरलं.

"म्युझियमवर विश्वास ठेवायला काय लागतं, सुधाताई? यांच्यावर ठेवायचा राहिला. यांनी पाहिलं ते मला डोळ्यांनी बघायचंय."

पण डॉक्टरांना किनाऱ्याचं नाव आठवत नव्हतं. दगडगोट्यांचा उंच बांध आणि त्यामागे रस्ता, एवढंच ते सांगत. तसा किनारा न्यूगेलला आहे. आम्ही तिथे अनेकदा गेलो. दरवेळी सपाट, स्वच्छ वाळू. वादळाने वाळू ओढून नेली की कळवा, म्हणून तिथल्या कॅफेवाल्या बाईंकडे कुसुमताईंनी आपला फोन नंबर देऊन ठेवला होता.

मग त्यांच्या कमरेचं दुखणं वाढलं. मुलाने कार्डिफचं घर विकायला काढलं. वसंतात त्या वॉटफर्डला त्याच्याकडे राहायला जायच्या होत्या, समुद्रापासून लांब. त्या शेवटच्या फेब्रुवारीत आठवडाभर वादळ झालं. ते शमलं त्या सकाळी माझा फोन वाजला.

"सुधाताई, बूट घाला. वाळू गेलीय."

दोन तासांच्या रस्त्यात त्या सारख्या घड्याळ बघत होत्या. पुढच्या भरतीबरोबर वाळू परत येऊ शकते, हे दोघींनाही ठाऊक होतं. गोट्यांचा बांध त्या माझा हात धरून चढल्या, आणि वर पोहोचल्यावर आम्ही तिथेच थांबलो.

समुद्र खूप आत गेला होता. आणि जिथे दरवेळी वाळू असे तिथे काळीभोर जमीन होती, आणि तिच्यात जंगल. बुंध्यांमागे बुंधे, पाण्यापर्यंत. मुळं चहूकडे पसरलेली, जणू काल कोणी झाडं तोडून नेली. आडव्या पडलेल्या एका बर्चच्या खोडावर साल अजून रुपेरी होती. मऊ मातीत हेझलनटची टरफलं सापडली. हजारो वर्षांपूर्वी, इथे समुद्र नव्हता तेव्हा पडलेली. मी एक उचलून तळहातावर धरलं. कॉन्व्हेंटमध्ये समुद्रावरच्या इतक्या इंग्रजी कविता पाठ केल्या होत्या, त्यांतली एकही आठवली नाही. टरफल जिथलं तिथे ठेवून दिलं.

वळून बघते तो कुसुमताई एका गोट्यावर बसून बूट काढत होत्या. मोजेही काढले. मी म्हटलं, अहो ताई, फेब्रुवारी आहे, पाय गारठतील. "असू दे," म्हणाल्या. देवळात जावं तशा त्या अनवाणी झाडांत शिरल्या. सगळ्यात मोठ्या बुंध्यापाशी जाऊन त्यावर तळहात टेकला. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, पण मला ऐकू आलं.

"अहो, आहेत हो झाडं."

कॅमेरा त्यांनी बऱ्याच वेळाने काढला. एकच फोटो घेतला. तोवर पाणी बाहेरच्या बुंध्यांभोवती फिरू लागलं होतं. ते एकेक झाड घेत आमच्याकडे येत राहिलं, आणि आम्ही बांधावर उभ्या राहून शेवटचं झाड जाईपर्यंत बघत राहिलो. पुढच्या महिन्यात मी एकटी गेले तेव्हा तिथे पुन्हा सपाट वाळू होती.

वॉटफर्डला जाण्याआधी गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला त्या तो फोटो मोठा करून घेऊन आल्या. तोच हॉल, बरीचशी तीच माणसं, आता केस पिकलेली. जेवणं सुरू व्हायच्या आधी त्या उभ्या राहिल्या.

"डॉक्टर खरं सांगत होते," त्या म्हणाल्या. "आधी मी हसले, म्हणून तुम्ही हसलात. आता बघा."

फोटो हातोहात फिरला. शेवटी मागून कोणीतरी हळूच विचारलं, ताई, हा तुम्ही काढलात?

"कॅमेरा माझा," कुसुमताई म्हणाल्या. "पाहिलं ते यांनी."