दिवाळीनंतरचं गाव

कानिफनाथला बी.एड.ला प्रवेश मिळाला तो कोपरगावच्या एका कॉलेजात. त्याचं गाव धामणवाडी, पाथर्डीच्या पलीकडं, डोंगराला लागून. जिल्हा एकच, पण कोपरगावात बाराही महिने ऊस हिरवा दिसतो, आणि धामणवाडीत पावसाळा सरला की ज्वारीची दोन-चार रानं सोडली तर डोळ्याला गारवा देणारं काही उरत नाही. दिवाळी झाली की अर्ध्याहून जास्त गाव बिऱ्हाड ट्रकमध्ये भरून ऊसतोडीला जातं ते उन्हाळा लागल्यावरच परत येतं.

त्याचे आईवडील, बायडाबाई आणि हनुमंत, दर वर्षी त्या ट्रकमध्ये असायचे. लहान होता तोवर तोही बरोबर जायचा. पाचवीत गेल्यावर वडील म्हणाले, "ह्याची साळा बुडवायची न्हाई." तेव्हापासून तो थंडीचे महिने गावातच दुसऱ्या आळीत चुलत्याकडं राहू लागला. जेवण चुलतीच्या हातचं, झोपणं चुलतभावांच्या वाकळेत. स्वतःच्या घराला कुलूप, आणि किल्ली करगोट्याला.

शिक्षक का व्हायचं, असं कॉलेजच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना विचारलं होतं. कुणी सेवा म्हणालं, कुणी आवड म्हणालं. कानिफनाथ म्हणाला, "आवड आहे." खरं कारण त्याला सांगता आलं नसतं. त्या थंडीच्या दिवसांत त्याला रोज नावानं हाक मारणारी जागा एकच होती, ती म्हणजे शाळेतली हजेरी. वर्गात निम्मी मुलं नसायची, गुरुजी तरी सगळी नावं घ्यायचे. आपलं नाव आलं की तो गरजेपेक्षा मोठ्यानं "हजर" म्हणायचा.

कोपरगावात त्यानं गोदामाशेजारी एक खोली घेतली. वर्गातली मुलंमुली बहुतेक आसपासची. तास संपले की कुणी मोटारसायकलवर, कुणी एसटीनं आपापल्या घरी जायची. पहिल्याच आठवड्यात बोलताना त्याच्या तोंडून "हुतं" निघून गेलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. वाईट हेतूनं नव्हे, आपलं असंच. पण तेव्हापासून कानिफनाथ प्रत्येक वाक्य मनात आधी नीट करून घ्यायचा. ते नीट होईपर्यंत बोलणं पुढं निघून गेलेलं असायचं. मग तो नुसता हसायचा. लोकांना वाटलं, पोरगा अबोल आहे.

आठवड्यातून एकदा लेखनाचा तास असायचा. उद्या तुम्ही मुलांना लिहायला शिकवणार, तर आधी स्वतः लिहून बघा, असं त्यामागचं म्हणणं. शिकवायला पुष्पावती म्हस्के मॅडम होत्या. राहुरीच्या. बारीक अंगाच्या, आवाज मोठा. बाकीच्यांना तो तास म्हणजे डोकेदुखी वाटायची, पण कानिफनाथ निर्धास्त होता. मराठीत त्याला कायम चांगले गुण मिळत आलेले. निबंधाच्या पुस्तकातली वाक्यंच्या वाक्यं त्याला पाठ होती. 'माझे गाव' हा विषय मिळाल्यावर त्यानं एका बैठकीत दोन पानं भरून काढली. निसर्गाच्या कुशीत वसलेलं टुमदार गाव, पाखरांची किलबिल, कष्टाळू शेतकरी. सगळं जागच्या जागी.

पुढच्या तासाला मॅडमनी कागद परत दिले. त्याच्या दोन्ही पानांवर काही खूण नव्हती. फक्त एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती. वाक्य होतं, 'दिवाळीनंतर गावातली कुत्री बारीक होतात.' ते तिथं कसं येऊन पडलं हे त्याचं त्यालाही आठवत नव्हतं.

तास संपल्यावर मॅडमनी त्याला थांबवून घेतलं. "कुत्री बारीक का होतात रे?"

तो गडबडला. "मॅडम, चुकून लिहिलं ते. खोडतो."

"खोडू नको. का होतात ते सांग."

"माणसंच नसतात ना मॅडम गावात. भाकरीचा तुकडा टाकायला कुणी नसतं. मग ती घरोघर जाऊन दारं हुंगतात. आमच्या दारात एक काळी बसायची. कुलूप असलं तरी बसायची."

मॅडमनी त्याचे कागद पुन्हा हातात घेतले. मग म्हणाल्या, "तुझ्या या दोन पानांतलं गाव मी पन्नास वह्यांत वाचलंय. कुत्र्यांचं गाव पहिल्यांदाच वाचलं. त्या गावाचं लिही."

सोपं वाटलं होतं, पण खोलीवर जाऊन बसला तर एक ओळ सुचेना. पाठ असलेलं एकही वाक्य तिथं लागू पडत नव्हतं. 'होतं' लिहू की 'हुतं', इथपासून अडायला लागलं. लिहायचा, फाडायचा. असे कितीतरी दिवस गेले. गोदामावर पोत्यांचे ट्रक यायचे, हमालांचे आवाज यायचे, मग सगळं शांत व्हायचं, आणि तो कागदापुढं बसलेला असायचा. एवढा एकटा तो चुलत्याच्या घरातही नव्हता, कारण तिथं निदान आईवडिलांना आठवायचं नाही असं त्यानं ठरवून टाकलेलं होतं.

शेवटी एक गोष्ट आली. ती त्यानं आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

पाचवी-सहावीत असताना शाळा सुटली की तो चुलत्याकडं न जाता आधी आपल्या घरी जायचा. कुलूप काढायचा. काटक्या, पाचोळा गोळा करून चूल पेटवायचा. चुलीवर काही ठेवायचा नाही, ठेवायला काही नव्हतंच. नुसतीच चूल पेटवायची आणि बाहेर येऊन लांब बांधावर उभं राहून बघायचं. सगळ्या गल्लीत बंद दारं, आणि एकाच घराच्या पत्र्यातून धूर. लांबून बघणाऱ्याला वाटावं की आत आई आहे, भाकरी थापतेय. बघणारा तोच असायचा. धूर विरला की कुलूप लावून तो चुलत्याकडं जेवायला जायचा.

कुत्र्यांपासून सुरुवात करून एवढंच त्यानं लिहिलं. पान-दीड पान झालं.

मॅडमची पद्धत अशी की लिहिलेलं आधी जोडीदाराला वाचायला द्यायचं. त्याची जोडीदार सुकन्या होती, बेलापूरची. घरची शेती, विहीर, द्राक्षाची बाग. मुलगी मनानं चांगली. वाचता वाचता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "किती वाईट रे! तुमच्याकडचे लोक मुलांना असं एकटं टाकून कसे काय जातात?"

कानिफनाथला बोलायचं होतं, पण वाक्य नीट होईना. तो हसला.

मग त्यानं ते वर्गात वाचलं. वाचताना मान वर केली नाही. संपल्यावर टाळ्या वाजल्या. मॅडमनी विचारलं, "वार्षिकांकात घेऊ का रे?" तो हो म्हणाला. त्या दिवशी तो खोलीवर जवळजवळ पळतच गेला.

पण दुसऱ्या दिवसापासून काहीतरी बदललं. मुलं त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागली. कुणी डब्यातली चपाती पुढं करायचं आणि घेईपर्यंत हात मागं घ्यायचं नाही. एका प्राध्यापकांनी ऊसतोड कामगारांच्या प्रश्नावर बोलताना दोन-तीनदा त्याच्याकडं हात केला. "हा आपला कानिफनाथ, त्यानं हे भोगलेलं आहे." क्रिकेटच्या गप्पा चालू असायच्या आणि तो आला की थांबायच्या. आधी तो अबोल म्हणून बाजूला होता. आता सगळे त्याच्याकडं बघत होते आणि तरीही तो बाजूलाच होता.

त्या वर्षी योगायोग असा की आईवडिलांची टोळी त्याच भागातल्या एका कारखान्यावर आली होती. शहराबाहेर कालव्याच्या कडेला मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या पडल्या होत्या. उसाच्या पाचटाच्या, वाकून आत शिरायच्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हंगामात तो त्यांच्याजवळ होता. रविवारी तो तिकडं जायचा, पण तोडीवरून ती दोघं येईपर्यंत दिवस मावळलेला असायचा आणि बोलणं होण्याआधीच डोळे मिटायला लागायचे.

एकदा कारखान्यात काही बिघाड होऊन गाळप थांबलं आणि तोड बंद राहिली. भर दुपारी सगळी टोळी कोप्यांपुढं बसलेली. हनुमंत कोयत्याला धार लावत होता. बायडाबाई कपडे धुऊन दोरीवर टाकत होती.

"काय तर छापून येनार हाय म्हनं तुझं?" वडिलांनी विचारलं. "त्या कल्यान मुकादमाचं पोरगं तुमच्यात शिकतंय, त्येनं सांगितलं."

"येणार हाय नाना."

"मंग वाच की."

कानिफनाथनं मोबाईल काढला. त्यात कागदाचा फोटो होता. तो वाचू लागला. कुत्र्यांचं आलं तेव्हा वडील हसले. "त्या काळीचं व्हय!" मग चुलीचं आलं. कोयत्यावर फिरणारा दगड थांबला. कानिफनाथला तेव्हाच कळायला हवं होतं, पण वर्गात वाचलं तसंच त्यानं मान खाली घालून शेवटपर्यंत वाचलं.

आईच्या हातात ओलं लुगडं तसंच होतं.

"नुस्तीच जाळायचास चूल?" तिनं विचारलं.

"व्हय."

"फोनवर तर म्हनायचास, मजेत हाय. लई मजा हाय, म्हनायचास."

तिनं लुगडं दोरीवर टाकलं, कळशी उचलली आणि कालव्याकडं चालू लागली. कळशी भरलेली होती. वाटेत तिनं ती ओतून दिली आणि पुढं गेली.

"तिला म्हाईत न्हवतं," हनुमंत म्हणाला. मग कोयता बाजूला ठेवून, "मला बी न्हवतं."

कानिफनाथ उठून तिच्या मागं गेला. ती कालव्याच्या काठावर बसली होती. तोही थोडं अंतर ठेवून बसला.

"आई, तुमाला बोल लावायला न्हाई लिहिलं मी."

"म्हाईत हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आमी हितं कोपीत बसून काय म्हनायचो ठावं हाय? गारठ्यात पाचटातनं वारं यायचं, तवा तुजं नाना म्हनायचं, पोरगं पत्र्याखाली हाय, उबंला हाय. तेवढ्यावर झोप लागायची." ती थांबली. "आता ती झोप बी खोटी झाली बघ."

त्यानं काठावरचं एक ढेकूळ पाण्यात टाकलं.

"छापू नको म्हणतेस का?"

"मी कशाला नको म्हनू? तू शिकलायस. पर जो वाचंल तो म्हनंल, पोर टाकून गेली."

सुकन्यानं नेमकं तेच म्हटलं होतं. ते त्यानं आईला सांगितलं नाही.

पुढच्या तासाला तो मॅडमना भेटला आणि लेख परत मागितला. कारण सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या, "मग काढून कशाला घेतोस? त्यांची बाजूही त्यात लिही ना."

त्यानं प्रयत्न केला. खरोखर केला, आईलाही फोनवर 'तुमचं बी लिव्हतो' म्हणून सांगितलं. 'आई कोपीत बसून...' इथं येऊन पेन थांबायचं. पाचवीपासूनची एकही थंडी त्यानं त्यांच्याबरोबर काढलेली नव्हती. आईला थंडीत काय वाटायचं, उसाच्या फडात दुपारी ती कशाची आठवण काढायची, यातलं त्याला एक वाक्यही माहीत नव्हतं. लिहायला गेलं की पुन्हा निबंधाच्या पुस्तकातली वाक्यं यायला लागायची. मायमाउली, काबाडकष्ट, त्यागाची मूर्ती. ती वाक्यं तिच्यावर घालायची त्याची इच्छा नव्हती.

तो मॅडमना म्हणाला, "नाही जमत. राहू द्या."

मॅडमना वाईट वाटलेलं दिसलं. "तुझं आहे, तू ठरव," एवढंच त्या म्हणाल्या. अंक निघाला तेव्हा सगळ्यांनी आपापली नावं शोधली. कानिफनाथनं तो चाळला आणि ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवून दिला. वर्गातल्यांना वाटलं, लेख नाकारला गेला. त्यानं तसं वाटू दिलं.

उन्हाळा लागला, हंगाम संपला. टोळी ट्रकमध्ये बसून धामणवाडीला निघाली, तेव्हा तो निरोप द्यायला गेला होता. आईनं वरून हात केला. आजवर दर वर्षी खाली उभा राहून तो ट्रक जाताना बघायचा, पण ते जायचे परमुलखात. या वेळी ते घरी चालले होते आणि परमुलखात तो होता.

त्याच दिवसांत त्याचे सराव पाठ सुरू झाले. जवळच्या खेड्यातल्या शाळेत सातवीला निबंधलेखन शिकवायचं होतं. त्यानं मुलांना विषय दिला नाही, नुसतं विचारत बसला. कालपासून काय काय बघितलं, कुणी काय म्हणालं. एक मुलगी सांगू लागली, तिच्या आजोबांनी रेडिओ दुरुस्त करायला घेतला आणि उरलेले स्क्रू चहाच्या कपात ठेवले. मग आईनं न बघता त्यातच चहा ओतला. वर्ग खिदळला, मग दुसरा सांगू लागला, मग तिसरा. तास संपला तेव्हा एकाही मुलानं एक ओळ लिहिलेली नव्हती. मागं बसलेल्या निरीक्षकांनी शेरा दिला, 'पाठ अपूर्ण. वेळेचे नियोजन नाही.' गुण बेताचेच पडले. मुलं मात्र फाटकापर्यंत त्याच्याबरोबर आली आणि तिथून आपापल्या वाटेनं घरी पळाली. तो एकटाच रस्त्यावर एसटीची वाट बघत उभा राहिला.

तेवढ्यात आईचा फोन आला. गावात पाणी आलंय, चुलतीच्या म्हशीला रेडकू झालंय, असं काहीबाही ती सांगत होती. मग मध्येच थांबली.

"तू ते लिव्हतो म्हनला हुतास, आमचं. न्हाई जमलं व्हय?"

"न्हाई जमलं. मला म्हाईतच न्हाई काय झालं हुतं ते."

त्यानं मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"पयल्या साली तुला सोडून गेलो तवा टरक नगरपतुर गेला," बायडाबाई म्हणाली, "अन् मला आठवलं, तुज्या सदऱ्याचं बटन तुटल्यालं हुतं. ते लावायचंच ऱ्हायलं. मी नानाला म्हनलं, टरक थांबवा. ते म्हनले, येडी झालीस का..."

समोरून एसटी आली. त्यानं हात केला नाही. एसटी वेग कमी करून पुढं निघून गेली.

"आयकतोस न्हवं?"

"आयकतोय. सावकाश सांग."