वहिदाबाईंचं स्पेन

वहिदा वर्गात असली म्हणजे वर्गात असेलच असं नाही. मुलींना संकल्पचित्र काढायला लावून ती खिडकीशी जाऊन उभी राहायची. बघणाऱ्याला वाटावं, बाई पटांगणातल्या पोरींवर नजर ठेवून आहेत. नजर असायची स्पेनात. नांदेडच्या मुलींच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची आणि मी मराठी. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की माझे तास ती सरळ उचलून न्यायची, आणि मी भांडायला गेले की म्हणायची, "सिंधू, तुझी कविता उद्या पण राहील. रंग आत्ता ओला हाय." मी पाय आपटत स्टाफरूममध्ये जाऊन बसायची.

हे स्पेनचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते एका कॅलेंडरमुळे. इतवाऱ्यात तिच्या वडिलांचं अत्तराचं दुकान होतं, तिथं ते टांगलेलं असायचं. वर्ष सरलं, तारखांची पानं गेली, चित्र तेवढं भिंतीवर राहिलं. नुसते खांब आणि खांबांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, एकीतून दुसरी दिसते, दुसरीतून तिसरी. लहानग्या वहिदानं विचारलं, अब्बा, हे शेवटी कुठं जातं? वडील म्हणाले, ही कुर्तुब्याची मशीद, म्हणजे आताचं कोर्दोबा, स्पेनमध्ये. तिचा शेवट आपल्यापैकी कुणी बघितलाय? तेव्हापासून ही बाई त्या कमानींमधून चालतेच आहे. लग्न होऊन लालमहंमदभाईंच्या घरी गेली, तरी गवार निवडता निवडता शेंगांच्या कमानी मांडून बसायची आणि तव्यावरची पोळी करपायची. लालमहंमदभाई घड्याळं दुरुस्त करायचे. भला माणूस. "चलेंगे, चलेंगे," म्हणायचे आणि पुन्हा डोळ्याला भिंग लावायचे. चलेंगे म्हणता म्हणता एक दिवस ते एकटेच निघून गेले.

निवृत्तीनंतर मग मीच तिच्या मागं लागले. लातूरची एक मंडळी स्पेनची सहल नेणार होती. शहरं, चित्रं, जुन्या इमारती, बरोबर आपला स्वयंपाकी.

"मी? एकटी?" वहिदा म्हणाली.

"एकटी कशी? मी काय मेलेय?"

ती हसली आणि दुसऱ्या दिवशी फोटो काढायला गेली. इथवर सगळं ठीक होतं. घोळ झाला तो पुढं.

इतवाऱ्यात साठीची विधवा बाई पासपोर्ट काढते, हलक्या रंगाचे दोन ड्रेस शिवते आणि मऊ तळव्याचे बूट घेते, म्हणजे ती उमऱ्याला मक्केलाच निघाली. दुसरं कुठं जाईल? कुणी विचारण्याच्या भानगडीतच पडलं नाही. बायका मुबारकबाद द्यायला यायला लागल्या. कुणी हार आणला, कुणी आजारी नातवासाठी दुवा मागायला सांगितली. वहिदा मुळातच स्वप्नातली बाई. तिला समोरच्या जगात यायला जरा वेळ लागतो. ती खरं सांगायला तोंड उघडेपर्यंत समोरची बाई तिचे हात डोळ्यांना लावून रडायला लागलेली असायची.

"अगं, सांगून टाक ना," मी खेकसायची.

"सांगते."

ती काही सांगायची नाही. मी तरोड्याला राहते, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथं माझ्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं मी स्पेनला चालले म्हणून. मला कुणी हार घातला नाही. एकीनं चॉकलेटं आणायला सांगितली तेवढंच.

या सगळ्यात एक रीत आडवी आली. हजला किंवा उमऱ्याला निघालेला माणूस जाण्याआधी नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या दारात जातो आणि म्हणतो, "कहासुना माफ करो." बोललो, ऐकवलं, दुखावलं असेल, ते पोटात घाला. मन साफ करूनच निघायचं. वहिदाच्याच गल्लीच्या तोंडाशी तिचे थोरले भाऊ बिलालभाई आणि भाभी उजमा राहतात. वडिलांचं अत्तराचं दुकान आता तेच चालवतात. बहीणभावाचं आठ वर्षं बोलणं नव्हतं. कारण सांगितलं तर हसाल. वहिदानं लग्नाआधी आईच्या खोलीतल्या भिंतीवर गेरूनं नक्षी काढली होती. आई गेल्यावर मुबश्शिराच्या, म्हणजे बिलालभाईंच्या मुलीच्या, लग्नासाठी घराला चुना दिला आणि ती नक्षी त्यात बुडाली. हळदीच्या दिवशी वहिदानं उंबऱ्यातूनच ती पांढरी भिंत बघितली आणि तशीच मागं फिरली. लग्नाला गेली नाही. एकुलती एक फुफी, सख्खी आत्या, आणि तिची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी. मला विचाराल तर चूक हिचीच मोठी. तसं मी तिला तेव्हाही सांगितलं होतं, आणि त्यावरून महिनाभर ती माझ्याशीही बोलली नव्हती.

बहीण उमऱ्याला चालली असं कळल्यावर बिलालभाई वाट बघत राहिले. आता तरी येईल, दारात उभी राहील, ते दोन शब्द म्हणेल. ती येणार कशी? ती उमऱ्याला चाललीच नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही बॅग भरत होतो, तर दारात बिलालभाई. दाढी पार पांढरी झालेली. ती भावंडं आपसात दखनी बोलतात, मी आपली मराठीत सांगते.

"तू आली न्हाईस," ते म्हणाले, "म्हणून मीच आलो. कहासुना माफ कर, वहिदा."

हिच्या हातातला टॉवेल गळून पडला. ती भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून अशी रडली, की मलाही पदर डोळ्यांना लावावा लागला. मी वाट बघत होते, आता सांगेल, आता सांगेल. भाऊ चहा पिऊन, डोक्यावर हात ठेवून निघून गेला, तरी ही गप्पच.

"आता सांगितलं तर तो पुन्हा जाईल," ती म्हणाली. तिचा चेहरा बघून मी तोंडाशी आलेली शिवी गिळली.

स्पेनमध्ये एप्रिल म्हणजे संत्र्याच्या फुलांचा महिना. रस्त्याच्या कडेला संत्र्याची झाडं, सगळ्या हवेला तो वास, आणि ऊन असं की अंगावर पडलेलं कळतही नाही. बार्सिलोनात शंभराहून जास्त वर्षं चाललेलं एका चर्चचं बांधकाम दाखवलं, तेव्हा आमच्यातले लातूरचे मल्लिनाथअप्पा मान वर करून म्हणाले, "कंत्राटदार आपल्याकडचाच दिसतोय." सगळे हसले. वहिदाला ऐकूच गेलं नव्हतं. खिडक्यांच्या रंगीत काचांतून हिरवा-केशरी उजेड फरशीवर सांडला होता आणि ती त्या उजेडात पाय ठेवावा की नाही, याच्या विचारात उभी होती. माद्रिदच्या चित्रसंग्रहालयात मी पाय दुखतात म्हणून बाकावर बसले आणि ती एका चित्रासमोर इतका वेळ थांबली की तिथला रखवालदार तिच्याकडे बघून हसायला लागला. सेव्हिलच्या राजवाड्यात भिंतींवर निळ्या-हिरव्या फरश्या. हात लावायला बंदी. तिचं बोट वीतभर अंतरावरून हवेतच नक्षीवर फिरत होतं. मला वाटलं, चला, एकदाची पोरगी सुखी झाली.

मग कोर्दोबा आलं. मशिदीबाहेरच्या संत्र्यांच्या चौकात आम्ही रांगेत उभ्या होतो, तेव्हा तिच्या मोबाईलवर बिलालभाईंचा आवाज आला. मेसेज पाठवला होता. "वहिदा, तब्येत सांभाळ. काबा दिसला की पहिल्यांदा अम्मीचं नाव घे, मग माझं. तू गेलीस म्हणजे आम्हीच गेल्यासारखं हाय बघ."

तिनं तो एकदा ऐकला. पुन्हा ऐकला. मग आम्ही आत गेलो.

काय सांगू. आत अर्धा अंधार, आणि त्या अंधारात ते खांब, आणि खांबांवर त्या लाल-पांढऱ्या कमानी, चारी दिशांना, जिकडं वळावं तिकडं. चालताना आपण पुढं जातोय की कमानी मागं सरकतायत हेच कळेना. मधोमध नंतर बांधलेलं चर्च, तिथं वेगळा, पांढरा उजेड. माणसं आपोआप हळू बोलायला लागली. मीसुद्धा. आणि वहिदा एका खांबाला टेकून, डोळे मिटून उभी.

"अगं, डोळे उघड. हेच ना ते?"

"उघडले तरी भाईजानच दिसतेत," ती म्हणाली. "जन्मभर जे मागितलं ते समोर हाय, सिंधू, अन् मी चोरासारखी आले."

ती इमारत आता चर्चच्या ताब्यात, तिथं हात उचलून दुवा मागायला मनाई आहे, रखवालदार फिरत असतात. तिनं ओढणीच्या आत हात जोडले का उघडले, मला दिसलं नाही. कॅलेंडरातल्या चित्राचा शेवट बघायला आलेली बाई अर्ध्यातूनच बाहेर आली. मला तिचा राग आला आणि फार वाईटही वाटलं.

ग्रानादाच्या अलहंब्रा महालात भिंतीभर कोरीव काम आहे. आम्हाला ती वेलबुट्टी. वहिदा एका जागी थांबली आणि पुटपुटायला लागली. ती वेलबुट्टी नव्हती, अरबी अक्षरं होती, आणि कुराण वाचणाऱ्या तिला ती लागत होती. एकच वाक्य, दालनामागून दालनात, कमानीवर, खिडकीभोवती: अल्लाहशिवाय कुणी जिंकणारा नाही. ती बोट वर करून वाचत चालली, मी मागं. कितव्यांदा तरी वाचून ती थांबली.

"भाईजानला खरं सांगते. भावाशी कशाला जिंकायचं?"

"फोन लावतेस?"

"न्हाई. तोंडावर."

एवढं बोलली आणि तिचे खांदे सैल झाले. त्यानंतर मात्र ती जे बघत सुटली! एका चौकात लांबट तळं होतं, पाणी इतकं गप्प की अख्खा मनोरा त्यात उलटा उभा होता. ती काठावर बसली. कुठल्या तरी चिंचोळ्या पन्हाळीतून पाणी वाहत होतं, त्याचा आवाज येत होता, उन्हं उतरत होती, भिंती मधासारख्या पिवळ्या होत होत्या. "लालमहंमद, आले बघा," ती पाण्याकडे बघत म्हणाली, मोठ्यानं, शेजारी बसल्यासारखी. मी बाजूला झाले. त्या दोघांच्यात मी कशाला?

नांदेडला मुंबईची गाडी सकाळी पोहोचली. मे महिना, फलाट आत्ताच तापलेला. बिलालभाई धुवट कुर्ता घालून, गुलाबाचा हार घेऊन उभे. उमऱ्याहून परतलेल्या माणसानं घरात पाऊल टाकायच्या आधी मागितलेली दुवा कबूल होते असं मानतात. त्यांनी हार मनगटावर अडकवला आणि दोन्ही हात पसरले.

"दुवा कर, वहिदा."

वहिदानं बॅग खाली ठेवली. "भाईजान, मी मक्केला गेलेच न्हाई. मी स्पेनला गेलते, कुर्तुबा बघायला. लोक उमरा धरून चालले अन् मी गप्प बसले. तुम्ही आलात तवा पण गप्प बसले. खरं सांगितलं असतं तर तुम्ही दारातून परत गेला असता."

त्यांचे हात तसेच पसरलेले राहिले, मग सावकाश खाली आले. चेहरा लाल झाला. "मी सगळ्या गल्लीला सांगत फिरलो," ते म्हणाले. "अम्मीचं नाव घे म्हणालो तुला." आणि वळून चालायला लागले. मला धावत जाऊन मध्ये पडावंसं वाटलं, पण मी होते तिथंच उभी राहिले.

वहिदा त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "कहासुना माफ करा, भाईजान. भिंत तुमची होती, चुना तुमचा होता. मुबश्शिरा तर माझी पण पोरगी होती. मी लग्नाला यायला पायजे होतं."

"आता कुठं चाललीस, माफी मागायला?" ते रागानंच म्हणाले.

"कुठंच न्हाई. आता इथंच राहायचंय, म्हणून मागतेय."

बिलालभाई तिच्याकडे बघत राहिले. गाडी सुटली, सगळे डबे गेले, तरी बघत होते. मग त्यांनी हार माझ्या हातात कोंबला, कुर्त्याच्या बाहीनं नाक पुसलं आणि तिची बॅग उचलली.

"चल," ते म्हणाले. "उजमानं चहा टाकला असंल."