थांबाकाकांची घाई

सार्वजनिक बागेत तीस वर्षं माळीकाम केलेल्या या गृहस्थांचं खरं नाव हजेरीपुस्तकात असेल तर असेल, बाहेर ते कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना थांबाकाका म्हणायचे. थंडी पडायला लागली आणि कुणी कात्री हातात घेतली, की कुठल्या तरी झुडपामागून आवाज यायचाच, "थांबा." मग अर्धा तास सुटका नाही. पोस्टातून रिटायर झालेले एक साहेब रोज बागेत फिरायला येत. त्यांनी एकदा घरचा गुलाब थंडीत छाटला, असं नुसतं बोलून दाखवलं, तर काकांनी त्यांना भर रस्त्यात झापलं होतं.

"झाड झोपायला लागलंय हो साहेब. आत्ता छाटलंत, वर खत घातलंत, की त्याला वाटणार उजाडलं. कोवळे कोंब काढणार बिचारं. आणि एक दिवस दहिवर पडलं, दव गोठलं, की सगळे कोंब काळे ठिक्कर. मग रडत बसा."

थंडीतली त्यांची कामं ठरलेली होती. गळलेली पानं गोळा करून झाडांच्या बुंध्याशी पांघरुणासारखी पसरायची. कुंड्यांना गोणपाट गुंडाळायचं. कंद त्यांच्या उंचीच्या तिप्पट खोल पुरायचे, टोक वर ठेवून. पाणी द्यायचं ते ऊन वर आल्यावर, संध्याकाळी एक थेंबही नाही. "आणि बाकीचा वेळ," काका म्हणायचे, "माळ्याने हात खिशात घालून उभं राहायचं. तेच सगळ्यात अवघड काम." हे ते हसत म्हणायचे, पण मनापासून म्हणायचे.

बागेच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या होत्या. तिथे काका आणि त्यांची मोठी बहीण राहायची. आई गेली तेव्हा काका सहा वर्षांचे आणि ताई पंधराची. तिने त्यांना जेवू घातलं, शाळेत पाठवलं, शाळेत जमेना तेव्हा बागेत कामाला लावलं, आणि या सगळ्यात स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. त्याबद्दल दोघं कधी बोलली नाहीत. खिडकीखालच्या गुलाबाचं कलम तिनेच बांधलेलं. गडद लाल फूल यायचं, आणि काका त्याला ताईचा गुलाब म्हणायचे.

त्या वर्षी ताईच्या डोळ्यांचं निदान झालं. काचबिंदू. बाजूबाजूचं सगळं आधीच गेलेलं होतं, ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. उंबऱ्याला ठेच लागायची, दार खांद्याला आपटायचं, तर ती म्हणायची, आता वय झालं. डॉक्टरांनी समजावलं, "मधलं तेवढं उरलंय. नळीतून बघावं तसं. ड्रॉप्स नेमाने घातलेत तर थंडी सरेपर्यंत टिकेल. पुढे तेही राखाडी होत जाईल." ताईने मान डोलावली. घरी आल्यावर तिने खुर्ची खिडकीशी ओढून घेतली आणि दिवसभर तिथेच बसायला लागली.

"केर काढायचाय, जरा सरकतेस का?" काका विचारायचे.

"खुर्चीला हात लावू नकोस. तसूभरही हलवायची नाही."

"सिंहासनच झालंय तुझं."

"असू दे," ती म्हणायची, आणि पुन्हा काचेकडे बघायची.

काकांना वाटलं, बसल्या बसल्या मनात कुढतेय. त्यांचा जीव तुटायचा. जिने आपल्याला वाढवलं तिच्यासाठी आपण काय करू शकतो, तर झाडं लावू शकतो, दुसरं येतंय काय आपल्याला? आणि मग तो विचार डोक्यात शिरला आणि निघेना. थंडी सरल्यावर गुलाब फुलणार, तेव्हा ताईला दिसत नसणार. आत्ता छाटला, शेणपाणी पाजलं, तर सात आठवड्यांत खिडकीभर लाल होईल. तिची नजर जायच्या आत.

असं करायचं नसतं, हे जगात कुणाला माहीत असेल तर त्यांना. पण त्या आठवड्यात ऊन उबदार पडत होतं, आणि माणसाला एकदा मनातून हवं असलं की त्याला सगळी चिन्हं अनुकूलच दिसतात. एरवी दुसऱ्याच्या हातातली कात्री धरणारा हा माणूस, त्याची कात्री धरायला कुणी नव्हतं.

शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी ताईला तपासणीला घेऊन गेल्या त्या सकाळी काकांनी छाटणी केली. मुद्दाम तीच वेळ निवडली, कारण ताईला आधी काही सांगायचं नव्हतं. एकदम फुलंच दाखवायची. सगळ्या फांद्या गुडघाभर उंचीवर आणल्या. काचेला टेकलेल्या एका उंच फांदीवर एक कळी होती. मुगाएवढी, घट्ट, टोकाशी लाल रेघ. ती हातात धरून काका क्षणभर घुटमळले. थंडीतली कळी उमलत नाही, नुसती फांदीची ताकद खाते, हे त्यांचंच वाक्य. एकीच्या जागी वीस येतील, असं म्हणून त्यांनी ती कापली आणि काटक्यांबरोबर जाळून टाकली.

ताई दुपारी आली, खुर्चीत बसली, बराच वेळ काचेकडे बघत राहिली. दोनदा पदराने डोळे पुसले. काच पुसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "खुर्ची आत घे. भिंतीशी."

"का गं? थंडी वाजते का?"

"हो."

काकांना वाईट वाटलं, पण म्हटलं, फुलं आली की नेऊ परत. खरी पंचाईत पुढे झाली. ती ड्रॉप्स घालू देईना. "आता कशाला ते," एवढंच म्हणायची आणि तोंड फिरवायची. काकांनी विनवलं, ते चिडले, त्यांनी वहिनींना मध्ये घातलं. वहिनी म्हणाल्या, "ताई, थोडं उरलंय ते तरी जपा." ताई म्हणाली, "काही उरलेलं नाही." मग तिने डोळे मिटून बसायची सवय लावून घेतली. तिला कुणी काही दाखवलं तरी ती बघायचीच नाही.

इकडे गुलाबाने कोंब काढले. तांबूस, बोटभर, हाताला मऊ लागणारे. काका रोज पहाटे उठून मोजायचे. अठरा झाले, तेवीस झाले. मग एका सकाळी दार उघडलं तर अंगण पांढरं. दहिवर. त्यांनी कोंबांवर गोणपाट टाकलं, पण आता टाकून काय उपयोग होता. दुपारपर्यंत तेवीसच्या तेवीस कोंब चहाच्या चोथ्यासारखे काळे होऊन माना टाकून बसले. थोड्या दिवसांनी फांद्याही वरून खाली वाळत गेल्या. काका बागेत कामाला गेले, कंद पुरले, पानं पसरली. रिटायर झालेल्या साहेबांनी "काका, आज थांबा नाही का?" म्हणून चेष्टा केली, तर ते कुदळ टाकून दुसरीकडे निघून गेले.

थंडी सरता सरता ताईला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. आता खरंच काही उरलं नव्हतं. ड्रॉप्स बंद का केलेत, म्हणून ते काकांना रागावले.

घरी आल्यावर ताईने स्वतःहून विचारलं, "गुलाबाचं काय झालं रे?"

"मेला," काका म्हणाले. खोटं बोलायचं त्यांनी ठरवलं होतं, पण जमलं नाही.

"दहिवर लागलं?"

"हो."

"त्याच्यावर एक कळी होती, काचेपाशी. तुला सांगितलं नाही मी. तू म्हणाला असतास, थंडीतली कळी उमलत नाही." ताई जराशी हसली. "माझ्या त्या नळीत तेवढी एकच बसायची. खुर्ची हलली की जायची. रोज बघायचे मी, रेघ वाढली का. मग त्या दिवशी तपासणीहून आले, बसले, तर कळीच्या जागी नुसतं राखाडी. डॉक्टर म्हणालेच होते राखाडी होणार म्हणून. म्हटलं, संपलं. उगाच डोळे ताणून काय करायचं."

खिडकीबाहेर, कळी होती तिथे, आता समोरची कुंपणाची भिंत दिसत होती. सिमेंटची, राखाडी. काका तिच्याकडे बघत राहिले. मग खाली, ताईच्या पायाशी बसले. लहानपणी मार खायची वेळ आली की बसायचे तसे.

"ताई, ती कळी मी कापली. झाडच छाटलं त्या सकाळी. तू बघावंस म्हणून."

ताईने हात पुढे करून चाचपत त्यांचं डोकं शोधलं. हात तिथेच राहिला. काकांना वाटलं, रागावेल, निदान रागावू तरी दे.

"म्हणजे तेव्हा मला दिसत होतं," ती म्हणाली.