शालू म्हणते

माझी बायको शालू वारल्याला वर्ष झालं, आणि मागच्या महिन्यात तिच्या माहेरी बातमी पसरली की ती माझ्याशी रोज बोलते. या बातमीला इंग्रजी व्याकरण जबाबदार आहे.

मी लातूरला एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यात एक नियम मी फार जिवापाड सांभाळला. पुस्तकात काय आहे हे सांगताना क्रियापद वर्तमानकाळी ठेवायचं. लेखक जन्मला, त्यानं लिहिलं, तो वारला. हे सगळं भूतकाळात. पण पुस्तकात तो सांगतो, विचारतो, रागावतो. पुस्तक उघडलं की तो हजर. हे चुकलं की मी अर्धा गुण कापायचो. (मुलांना गुण गेल्याचं दुःख व्हायचं, नियमाचं कुणालाच काही वाटलं नाही.) शालूला मी हा नियम एकदा समजावला होता. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या इंग्रजीत मेलेल्यांचं बरं चाललेलं दिसतंय."

शालूनं एकच पुस्तक लिहिलं, रानभाज्यांचं, चौऱ्याऐंशी पानांचं. वर्षश्राद्धाला नातेवाइकांना द्यावं म्हणून मी ते पुन्हा छापायला घेतलं. शेजारच्या गल्लीतले सलीमभाई छपाई आणि बांधणी करतात, त्यांच्याकडं काम दिलं. मग घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार ओळी टाकल्या. नियम हाडात मुरलेला, त्यामुळं लिहिलं ते असं: 'शालू सांगते, तरोट्याची कोवळी पानंच घ्या. पान जून झालं की हात लावू नका, असं ती बजावते. आणि ती म्हणते, आमच्या नंदाला अजून तरोटा आणि भुईमुगाचा पाला यातला फरक कळत नाही.'

नंदा म्हणजे शालूची धाकटी बहीण, हदगावला दिलेली. तिनं हे वाचलं आणि मला फोन न करता थेट सलीमभाईंना केला. दाजी एकटेच बोलतात का, अक्काचं नाव घेतात का, असं विचारलं. सलीमभाई खरं बोलणारा माणूस. शालूनं तिच्या प्रतीच्या शेवटच्या पानावर 'पुढच्या वेळी कव्हर हिरवं' असं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, आणि मी ते त्यांना माझ्या पद्धतीनं सांगितलं होतं. ते म्हणाले, "हाव ताई, रोजच बोलतेत. काल म्हणले, भाभीला हिरवंच कव्हर पायजे."

रविवारी सकाळी दारात जीप उभी राहिली. नंदा आणि तिचे यजमान विठ्ठलराव. सलीमभाई नुकतेच चहा पिऊन गेले होते, टेबलावर दोन कप तसेच होते. नंदानं घर पाहिलं, मला पाहिलं, मग कपांकडं पाहत राहिली. तिनं पिशवीतून अंगाऱ्याची पुडी काढली आणि माझ्या कपाळाला बोट लावलं. मी सलीमभाईंचं सांगितलं. तिनं मान हलवली. आजारी माणसाला 'हो हो' म्हणतात तशी.

विठ्ठलराव शेजारी बसले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, अक्का अजून काय काय म्हणतेत?"

मी त्यांना सगळा नियम समजावला, फळ्यावर समजावतो तसा. त्यांनी मन लावून ऐकला. "म्हंजे इंग्रजीत असं चालतं."

"हो."

"पण तुमी तर मराठीत लिवलं."

एकतीस वर्षांत हा प्रश्न एकाही मुलानं विचारला नव्हता! मी म्हटलं, मराठीतही संतांबद्दल आपण 'महाराज म्हणतात' असंच बोलतो की.

"संतांचं येगळं सर. अक्का काई संत न्हवती."

हे मात्र मला मान्य करावं लागलं.

ते ठरवूनच आले होते. घराला कुलूप लावायचं आणि मला हदगावला न्यायचं. तिथं माणसं आहेत, पोरं आहेत, कापसाच्या दिवसांत तर बोलायला वेळ नसतो. इथं मी आणि चार कपाटं पुस्तकं. त्यांचं काही चुकत नव्हतं. पण शालूनं ज्या खिडकीत बसून ते पुस्तक लिहिलं ती खिडकी काही जीपमध्ये मावणार नव्हती. मी नको म्हणालो. नंदा म्हणाली, "मंग एक डाव म्हणा, 'शालू म्हणायची'. नीट म्हणा. आम्ही आल्या पावली जातो."

सोपं वाक्य. सातवीच्या मुलालाही यावं. मी 'शालू' म्हणालो, 'म्हणा' म्हणालो, आणि पुढचं अक्षर काही येईना. पाणी प्यालो, परत सुरू केलं, परत तिथंच अडकलो. नंदानं माझी बॅग काढली आणि सदरे भरायला लागली.

निघण्याआधी पिठलं टाकते म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर पुस्तकाची कच्ची प्रत पडली होती. अक्कानं आपली बदनामी कुठं केलीय ते बघावं म्हणून तिनं ते पान काढलं. मी ग्रुपवर टाकली होती तिच्या पुढची ओळ तिथं होती: 'म्हणून नंदा आली की भाजी मीच निवडते. ती नुसती बसून बोलते. मला तेच पाहिजे असतं.'

मग पिठलं करपल्याचा वास आला, आणि पाठोपाठ नंदाचा आवाज.

"अवो, ऐकलं का! अक्का म्हणती, मी नुसतं बसून बोलावं."

विठ्ठलरावांनी माझ्याकडं पाहिलं. "घ्या. हिला बी लागलं."

मग नंदा ओट्यापाशीच खाली बसली आणि नुसती बोलत राहिली, दुपार सरेपर्यंत. कुणाशी ते विठ्ठलरावांनी विचारलं नाही, मीही नाही. जाताना तिनं बॅगेतले सदरे परत कपाटात लावले आणि पुस्तकाच्या पाच प्रती सांगून ठेवल्या. जीप वळली. घर पुन्हा इतकं शांत झालं की दोन कप धुतल्याचा आवाज मला मोठा वाटला.

संध्याकाळी करपलेलं पिठलं घेऊन बसलो. ते अळणी होतं. समोर पुस्तक उघडं होतं, त्यात शालू लिहिते: 'आमच्या घरात एक सर आहेत. त्यांना सगळी क्रियापदं माहीत आहेत, मिठाचा डबा माहीत नाही.' मी उठून सगळे डबे उघडून पाहिले. नंदानं मीठ कुठं ठेवलं, किंवा मुळात काढलंच होतं की नाही, कोण जाणे. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी मोठ्यानं विचारलं, "शालू, मीठ कुठं आहे?"

उत्तर आलं नाही. पण काळ बरोबर होता. अर्धा गुण मी स्वतःला देऊन टाकला, आणि अळणीच जेवलो.