जुनेर हा शब्द

शेकरू या रानखारीच्या प्रेमापोटी मी शिवलेले जाकीट माझ्या आईने अंगाला का लावले नाही, या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले. उत्तर मिळाले आहे. ते सांगताना आजही मान वर होत नाही.

आई प्राथमिक शिक्षिका. आमचे घर महाळुंगे पडवळला. आजोबांच्या पिढीने धम्मदीक्षा घेतलेली. आईची साडी नेहमी खळ घालून इस्त्री केलेली असे, आणि परिपाठाला ती मुलांच्या कॉलरी तपासत असे. नव्वदच्या दशकात शाळेच्या सहलीत मी भीमाशंकरला शेकरू पाहिले : तांबूस पाठ, पांढुरके पोट, लांबलचक शेपूट. ते झाडावरून झाडावर जाते, जमिनीवर सहसा उतरत नाही. म्हणून मधली झाडे तुटली की त्याची वाटच तुटते, असे गुरुजींनी समजावले. ते रंग माझ्या चित्रकलेच्या वहीत उतरले आणि पुढे पुण्यात वस्त्रकलेचे शिक्षण घेताना कापडात आले.

परतल्यावर मी जुन्या साड्यांचे तांबूस व पांढुरके तुकडे जोडून जाकिटे शिवू लागले. विचार सरळ होता. नवे कापड म्हणजे नवे पाणी, नवा रंग, नवे शेत. जुने कापड पुन्हा वापरले तर तेवढाच रानावरचा भार कमी. प्रदर्शन जुन्नरला भरणार होते. नाव शोधताना शब्दकोशात ‘जुनेर’ सापडले : वापरून विरलेला कपडा. जुन्नर आणि जुनेर! या जुळणीवर मी खूश झाले. गावात ऐकू येणारा हा शब्द आमच्या घरात कधीच उच्चारला जात नाही, हे मला माहीत होते. तो का उच्चारला जात नाही, असे मात्र मी विचारले नाही.

फलक मीच रंगवला : ‘जुनेर. आपली जुनेरे आम्हाला द्या, शेकरूचे रान राखा.’

आई गावाहून निघून नारायणगावला जीप बदलून आली. पहिले जाकीट तिने घालावे, म्हणून तिच्या मापाचे मी वेगळे काढून ठेवले होते. ती फलकाखाली उभी राहून शुद्धलेखन तपासावे तसे वाचत राहिली. तेवढ्यात बागायतदार घरातल्या एक बाई आल्या. जाकिटे त्यांना मनापासून आवडली.

“आमच्याकडं जुनेरांचा ढीग पडलाय बघा,” त्या मला म्हणाल्या. “लई चांगली हायेत. मागल्या दारी काढून ठिवते, येऊन घेऊन जावा.”

“हो, येते की,” मी म्हणाले.

“ताई, आमी जुनेरं घेत न्हाई,” आई म्हणाली.

माझ्या तोंडून ‘न्हाई’ आले की आई सुधारून म्हणायला लावत असे. तिच्या तोंडून तो शब्द मी प्रथमच ऐकला.

“अवो बाई, फळीवर तुमीच लिवलंय की,” त्या गोंधळून म्हणाल्या. त्यांचे काहीच चुकले नव्हते.

आईने माझ्याकडे पाहिले आणि ती बाहेर पडली. मी जाकीट घेऊन तिच्यामागे गेले. जीप भरायची होती; आम्ही मागच्या बाकावर बसलो.

“तुझी आजी लग्नसराई उरकली की मोठ्या घरांच्या मागल्या दारी उभी राहायची,” आई सांगू लागली. “दीक्षा घेतल्यावर तिनं जाणं सोडलं. तेव्हा तिच्याकडं एकच लुगडं होतं. ते धुतलं की वाळेपर्यंत ती घराबाहेर पडायची नाही. पण मागायला गेली नाही.”

“आई, हे मागणं वेगळं आहे. शेकरूसाठी आहे.”

“शेकरू जगू दे गं. त्याला अंगावरचं कुणापुढं मागावं लागत नाही.”

जाकीट तिने नीट घडी घालून माझ्या मांडीवर ठेवले. शिवण मात्र चांगली आहे, म्हणाली.

फलक मी त्याच दिवशी उतरवला. पुढे शिंप्यांकडची नव्या कापडाची कात्रणे विकत घेऊन काम चालू ठेवले. अशानेही कापड वाचतच होते. आईने त्यांतलेही जाकीट घातले नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. चूक जुने कापड वापरण्यात नव्हती. ज्या शब्दाला नकार देत माझे घर ताठ उभे राहिले, तोच शब्द मी घराला न विचारता दारावर लावला, ही चूक होती.

हे केवळ माझ्या सांगण्यावरून मानू नका. आपल्या ओळखीतल्या वयस्कर बायांना ‘जुनेर’ म्हणजे काय ते विचारा, देणाऱ्या घरात आणि घेणाऱ्या घरातही, आणि दोन्ही उत्तरे स्वतः ताडून पाहा.